चौदा नावांची यादी

चौदा नावं! आख्ख्या चिंचणीत मामाला कुणी ओटीवर बस म्हटलं नव्हतं, आणि गणूनं चार दिवसांत विमा घेणाऱ्यांची चौदा नावं आणली. मला तर यादी हातात घेतल्या घेतल्या संशय आला.

नारूमामा मूळचा सरावलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. विमा कचेरीत नवा साहेब. महिनाअखेर चिंचणीत एक एजंट नेमायचा, नाहीतर मुंबईला परत जुन्या फायली लावत बसायचं, असं त्याला वरून बजावलं होतं. बाबा इथे पोस्टमास्तर म्हणून बदलून आले त्याला जेमतेम वर्ष झालेलं, म्हणून तो आमच्याकडेच उतरला होता. आणि मी? नववीत, निबंधात तालुक्यात पहिली! मामाची सगळी पत्रं माझ्याच अक्षरात जात.

पहिला उमेदवार मॅट्रिक होता. पगार नाही, नुसतं कमिशन, हे ऐकून चहा अर्धा टाकून गेला. दुसऱ्याचा बाप म्हणाला, "माझा पोर मरणाची दलाली नाय करनार." तिसरा हा गणू. सातवी पास, मोरूच्या होडीवरचा खलाशी, मान खाली घालून बोलणारा; पारख म्हणून मामानं त्याला नावं आणायला धाडलं होतं.

"मामा, ही नावं खोटी आहेत. तुला हाकलतात आणि ह्याला बरी नावं देतात!"

मामाचा चेहरा उतरला. "खोटी यादी वर गेली तर माझी असलेली नोकरीही जाईल गं, वेणू."

"थांब, मी विचारून येते."

पहिलं घर मोरूचं. त्याची आई सोनूबाई बांबूवर बोंबील घालत होती, तो बाजूला जाळं शिवत होता.

"मोरूदादा, विम्याला नाव दिलंस का तू?"

सोनूबाईचा हात तसाच वर राहिला. "कसला विमा? मेल्यावर पैसं देतात त्यो?"

"मी नाय बा," मोरू जाळ्याकडे बघत म्हणाला.

चौदा घरं फिरले. चौदाही ठिकाणी नाही! काय सांगू, मला अगदी मोठी फौजदार झाल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन मी झोकात पत्र लिहिलं: 'उमेदवार अविश्वासू असल्याने नापसंत.' मामा सही करणार, एवढ्यात खिडकीशी मोरू.

"पोस्टमास्तरांची पोर ना तू? जरा बाहेर ये." तो इकडेतिकडे बघत हळूच बोलला. "होडी परवा दर्यात जायची, आन तू आईसमोर मरणाचं काढलंस? आता ती मला जाऊ देते का? नाव दिलंय मी. गणूनं होडीवर विचारलं, किनारा दिसेना तवा. घरात हे बोलायचं नसतं."

"मग बाकीचे तेरा?"

"त्यांच्या घरी पण तूच गेलीस ना?"

मामानं सगळं ऐकलं होतं. त्यानं माझं सुंदर अक्षरातलं पत्र फाडलं आणि गणूला बोलावून घेतलं.

"अरे, मला आधी का नाही सांगितलंस?"

गणूनं पहिल्यांदाच मान वर केली. "सायेब, तुमी बी वटीवर हुबं राहून मोठ्यानं विचारलं असतं."

मामानं गणूच्या अर्जावर सही केली. चौदातले किती उरतील हे गणूलाही सांगता येईना.

सहा जणांना घरच्यांनी दर्यावर जाऊ दिलं नाही. दोन दिवसांनी होड्या निघाल्या. गणूच्या बगलेत मेणकापडात गुंडाळलेले, होडीवर भरून घ्यायचे आठ फॉर्म. मी किनाऱ्यावर उभी होते. सोनूबाई कमरेवर टोपली घेऊन माझ्याजवळ आली. मोरू शेवटी गेलाच होता.

"काय गं, त्या गणूच्या बगलेत काय हाय?"

तिची नजर माझ्या तोंडावरून हलेना.

"भाकरी असेल, मावशी," मी म्हटलं.