निघताना ‘येते’

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता एजंटबाईंचा फोन आला. भाडेकरू घर सोडतोय.

भिंगवाली तेव्हा चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंग घासायच्या यंत्रावर होती. या कामावरूनच नवऱ्याने तिला हे नाव ठेवलं होतं. तिने यंत्र बंद केलं, हात पुसले.

“कारण काय सांगितलं?”

“तुम्ही,” एजंटबाई म्हणाल्या. “सारख्या धमकावता म्हणे.”

“मी? धमकावते?”

“तो तसं म्हणतो. चारला मी तिकडे जाणार आहे. तुम्हीही या. त्याला आधी कळवलंय.”

परक्या देशात येऊन बरीच वर्षं झाल्यावर भिंगवालीने भाड्याने द्यायला म्हणून ही दोन खोल्यांची जागा घेतली होती. बस चालवणारा तिचा नवरा आधीपासून विरोधात होता. “अंथरूण पाहून पाय पसरावेत,” तो म्हणाला. “अंथरूणच मोठं घेऊ या,” ती म्हणाली. शेवटी त्याने अट घातली: पहिला भाडेकरू वर्षभर टिकला तर ठीक, नाहीतर जागा विकायची, आणि परत नाव काढायचं नाही. तिने मान्य केलं. अजून निम्मं वर्षही सरलं नव्हतं.

पहिला भाडेकरू म्हणजे मास्तर. शहराच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. एकटा, टापटिपीचा. यापेक्षा चांगला माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

आणि भिंगवालीने त्याला त्रास होईल असं काय केलं होतं? इथे आगाऊ कळवल्याशिवाय घरमालकाला भाडेकरूच्या दारात पाऊल ठेवता येत नाही. हा नियम तिने घर बघण्याआधीच पाठ केला होता. किल्ल्या द्यायला गेली, गळका नळ दुरुस्त करायला माणूस घेऊन गेली, पडद्याचा दांडा बदलायला गेली. प्रत्येक वेळी कळवून. बाकी सगळं फोनवर.

चार वाजता मास्तरने दार उघडलं. घर आरशासारखं लख्ख होतं. खुर्चीवरच्या चादरीचीही घडी विस्कटलेली नव्हती. एवढी स्वच्छता पाहून भिंगवालीला बरं वाटायच्या ऐवजी धडकीच भरली.

“माझं काय चुकलं ते सांगा,” ती इथल्या भाषेत म्हणाली.

“तुम्ही येता,” मास्तर म्हणाला.

“तीनदा आले. तिन्ही वेळा कळवून.”

“आलात तीनदा. पण येणार म्हणालात किती वेळा? प्रत्येक फोनच्या शेवटी! तलावावरून धावतपळत घरी येतो, फरशी पुसतो, बसून राहतो. तुम्ही येत नाही. मित्र बोलावतात, मी जात नाही. न जाणो, याच वेळी आलात तर? गेल्या आठवड्यात भावाचा वाढदिवस होता. मी इथे खुर्चीत.”

एजंटबाईंनी भिंगवालीकडे पाहिलं. ती चांगलीच दुखावली होती. मी असं कधीच म्हटलेलं नाही, हे तिने दोनदा सांगितलं. मास्तरने दोनदा नकारार्थी मान हलवली. शब्दाला शब्द वाढायला नको म्हणून ती उठली, पर्स खांद्याला अडकवली आणि दाराशी वळून, घरच्या सवयीने पण इथल्या भाषेत म्हणाली,

“बरं, येते मी.”

“ऐका!” मास्तर ओरडला. “परत तेच! ऐकलंत ना बाई?”

भिंगवाली उंबऱ्यातच थिजली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ती दाराची चौकट धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मास्तरने घाबरून पाणी आणलं.

“अहो, आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत,” ती कशीबशी म्हणाली. “‘जाते’ म्हणजे कायमचीच गेले. अशुभ. लहानपणी चुकून म्हटलं की मोठी माणसं डोळे वटारायची. म्हणून ‘येते’ म्हणायचं.”

“म्हणजे ‘येते’ म्हणजे तुम्ही जाता?”

“हो.”

“आणि खरंच येणार असाल तेव्हा काय म्हणता?”

भिंगवालीने विचार केला. “तेव्हाही ‘येते’च म्हणतो.”

“मग समोरच्याला कळतं कसं?”

“आजवर कोणी विचारलं नाही हो!”

आता एजंटबाईही हसू लागल्या. मास्तर हसला नाही, पण इतका वेळ दाराशी ताठ उभा होता तो खुर्चीत बसला, पाय सैल सोडून. “म्हणजे मी एवढी फरशी उगाच पुसली,” तो स्वतःशीच म्हणाला. घर सोडण्याची लेखी सूचना मागे घेणार का, असं एजंटबाईंनी विचारल्यावर त्याने एवढंच सांगितलं, “विचार करतो.”

घरी येऊन भिंगवालीने सगळं सांगितलं. किती तरी दिवसांनी ती मोकळं हसत होती. आपण वाईट मालकीण नाही, एवढ्यानेच तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

“मग काय त्या बिचाऱ्याच्या दारात ‘जाते’ म्हणायचं होतं?” सासूबाई कडाडल्या. “तेही लोकाच्या घरात?”

“आई, त्यापेक्षा हिने नुसतं ‘टाटा’ करावं,” नवरा म्हणाला. “घर वाचेल.”

“म्हणजे घर वाचायला हवंय तर तुम्हाला!” भिंगवालीने त्याला शब्दात पकडलं. तो डबा धुवायला निघून गेला.

सातच्या सुमारास एजंटबाईंचा पुन्हा फोन आला. मास्तर त्यांच्या कार्यालयात येऊन गेला होता. सूचनेचा कागद त्याने परत मागून घेतला, वाचला, घडी करून खिशात घातला. फाडला नाही, परतही दिला नाही.

“काही बोलला?”

“दाराशी वळून एकच शब्द बोलला. ‘येतो.’” एजंटबाई हसल्या. “आता याचा अर्थ काय धरायचा ते तुम्हीच सांगा.”

 कार्यालय बंद झालं तेव्हा तो कागद मास्तरच्याच खिशात होता, म्हणजे आजपुरती तरी जागा सुटली नव्हती.