दहा तारांची पेटी

मित्रांनो, पोस्टाच्या मागच्या खोलीत, फाटक्या टपालपिशव्यांच्या ढिगाआड एक सागवानी पेटी पडून आहे. तिच्या छातीवर दहा पितळी झडपा आहेत. त्यांतल्या तीन आता गंजून बसल्या आहेत, उघडतच नाहीत. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना टेलिफोनचा बोर्ड आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीटसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एका उन्हाळ्यात मालगाडीच्या डब्यातून मी पुलगाव स्टेशनवर उतरलो आणि तिथून बैलगाडीने वर्धा जिल्ह्यातल्या एका लहानशा तालुक्याच्या गावी आलो. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या माणसांनी खूप सोसलं आहे, त्यात आणखी भर नको.

तेव्हा गावात जेमतेम दहा टेलिफोन होते. दहाही तारा माझ्यात येऊन मिळत. कोणी आपल्या टेलिफोनची दांडी फिरवली, की माझी घंटी वाजे आणि त्याच्या नंबराची झडप खाली पडे. मग ऑपरेटर दोरीची खुंटी त्या भोकात खुपसून विचारी, "नंबर?" आणि दोरीचं दुसरं टोक हव्या त्या माणसाच्या तारेत बसवी. प्रत्येक दोरीखाली एक कळ होती. ती ओढली, की ऑपरेटरला त्या दोरीवरचं बोलणं ऐकू येई. बोलणं संपलं की नाही हे पाहण्यापुरतंच ऐकायचं आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं, असा कडक नियम होता. नोकरीला लागताना तशी शपथच घ्यावी लागे.

माझा ऑपरेटर प्रेमदास. तो गावाबाहेरच्या नाल्याकाठच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक. त्याची माय धुरपता. तिनं जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडून त्याला शिकवलं. छप्पन साली हे मायलेक नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आली. तारेवर सगळे साहेब लोक प्रेमदासला "एक्सचेंज" म्हणत. तिथे त्याची जात कोणी विचारीत नसे. ऑफिसात मात्र त्याच्यासाठी पाण्याचा माठ वेगळा होता, दीक्षेच्या आधीही आणि नंतरही. तो त्या माठाकडे कधी पाहत नसे. दुपारच्या सुट्टीत घरूनच पाणी पिऊन येई.

त्याचे हात फार हलके होते. कामाच्या आधी तो मऊ फडक्याने माझ्या झडपा पुसायचा. "एक्सचेंजवर कोण आहे? जोडणी झटपट होते," असं एकदा तहसीलदारांनी विचारलं, तेव्हा पोस्टमास्तर मधुकररावांनी माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणाले, "बोर्ड नवा आहे साहेब." ते कौतुक माझं नव्हतं. मला तेव्हाही ते खटकलं होतं.

आता मी जे सांगणार आहे ते अठ्ठावन्न सालच्या श्रावणातलं आहे.

तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी उघडीप पडली, ऊन आलं. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे सगळं गाव बाजारात. दुपारी एकच्या सुमाराला माझी चार नंबरची झडप पडली. हा टेलिफोन गावापासून तीन मैलांवर, मोठ्या तलावाच्या चौकीत होता. तिथे भैयाजी नावाचा म्हातारा चौकीदार राही.

"ओव्हरसियर साहेबाले लाव, बापू," भैयाजी म्हणाला. "पाळीच्या बुडाशी पाणी झिरपून राह्यलं. झिरपते तं दरसालच. पण औंदा गढूळ येऊन राह्यलं."

मित्रांनो, तलावाच्या मातीच्या बांधातून, म्हणजे पाळीतून, निवळ पाणी झिरपलं, तर फारसं भय नसतं. गढूळ आलं, तर पाणी आतली माती खात आहे असं समजावं. भैयाजी अंगठाछाप होता, पण हे त्याला ठाऊक होतं. आणि तलावाचं पाणी सुटलं तर ते नाल्यानेच येणार होतं. नाल्याकाठी त्रेचाळीस घरं होती.

प्रेमदासने जोडणी दिली. तलावाची देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरने सगळं ऐकलं आणि लगेच तहसील मागितली. तहसीलदारांना सांगितलं, "पाळीची तब्येत ठीक नाही साहेब. खालची वस्ती हलवावी लागेल." तहसीलदार म्हणाले, "बरं झालं कळवलंत. मी पाहतो." त्यांनी ठाणं मागितलं आणि ठाणेदारांना म्हणाले, "नाल्याकाठी लक्ष असू द्या." ठाणेदारांना वाटलं, तहसीलचा कोतवाल दवंडी द्यायला गेलाच असेल, आपण नुसतं लक्ष ठेवायचं. "हो साहेब, लक्ष आहे," ते म्हणाले.

वीस मिनिटांत तीन बोलणी झाली. कोणीही कामचुकारपणा केला नाही, कोणी आवाज चढवला नाही. प्रत्येकाने पुढच्याला कळवलं आणि निवांत मनाने टेलिफोन खाली ठेवला. माझ्या तीन झडपा वर गेल्या. खोलीत शांतता पसरली.

प्रेमदास बसून राहिला. बोलणं संपलं की नाही हे पाहायला त्याने कळ ओढली होती, ती जरा जास्त वेळ ओढली गेली होती. वस्तीचं नाव कानावर पडल्यावर त्याचा हात तिथेच थांबला होता. सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं. साहेब लोकांनी सांगितलं आहे, आता कोणीतरी जाईलच, असं तो स्वतःला समजावीत होता. समजावता समजावता भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं.

दोनला दहा कमी असताना चार नंबर पुन्हा पडला.

"बापू, वस्ती उठली काय?" भैयाजीने विचारलं. "मघा बोटाएवढी धार होती. आता मनगटाएवढी झाली."

प्रेमदासने ओव्हरसियरला लावलं. तिथला शिपाई म्हणाला, साहेब जेवायला बसलेत. मग त्याने स्वतःहून ठाणं लावलं. ऑपरेटरने स्वतःहून कोणाला काही विचारणं म्हणजे नियमाबाहेरचं काम. तरी त्याने विचारलं, नाल्याकाठी कोण गेलं? हवालदार म्हणाला, "तहसीलचे लोक गेले असतील. तुले काय करायचं?"

तेव्हा तो उठून पोस्टमास्तरांच्या टेबलापाशी गेला. सरकारी अक्षराला भिणारा, पण मनाने वाईट नसलेला माणूस म्हणजे मधुकरराव.

"साहेब, तलाव फुटायला आला. वस्तीत कोणीच गेलं नाई."

"तुला कसं कळलं?"

प्रेमदासने माझ्याकडे पाहिलं. त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर नोकरी जात होती.

"तुझी आई तिथे आहे, मला माहीत आहे," मधुकरराव खालच्या आवाजात म्हणाले. "जायचं तर जा, मी अडवत नाही. पण मग बोर्ड बंद ठेवावा लागेल. मला तो चालवता येत नाही."

मित्रांनो, आपल्याला पाय नाहीत याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. अर्ध्या मैलावर त्याची माय होती. पण तो गेला असता तर मी मुका झालो असतो, आणि सगळं गावच मुकं झालं असतं.

तारांची दुरुस्ती करणारा लहानू दाराशी बसून विडी ओढत होता. प्रेमदास त्याच्याकडे वळला.

"लहानूदादा, सायकल घे अन् वस्तीत जा. लोकायले टेकडीवर चढव."

"ऊन पडलं आहे, बाबू. माह्या बोलण्यावर कोण उठन?" लहानू म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. मागच्याच उन्हाळ्यात ही जागा सरकारी आहे, खाली करा, अशी नोटीस वस्तीला आली होती. आता कोणी उठा म्हटलं, तर लोकांना तो घरं पाडायचा डाव वाटला असता.

"मायले सांगजो, प्रेमदासनं सोता सांगून पाठवलं. ते उठली म्हंजे सारे उठतीन."

लहानू सायकलवर टांग टाकून गेला. प्रेमदास माझ्यासमोर येऊन बसला. त्याने चार दोऱ्या घेतल्या. तहसील, ठाणं, ओव्हरसियरचा बंगला, तलावाची चौकी, चारही तारांत खुंट्या खुपसल्या. साहेब लोक स्वतः येईपर्यंत चारही घंट्या वाजवल्या. आणि मग चारही कळा एकदम ओढल्या.

माझ्याकडून असं कोणी कधी करवून घेतलं नव्हतं. चार ठिकाणचे आवाज माझ्या पोटात एकमेकांत मिसळले. जोर चौघांत विभागला गेल्यामुळे प्रत्येक आवाज बारीक झाला. ऐकायचं तर बाकीच्यांना गप्प बसावं लागत होतं.

"मी एक्सचेंजवरून बोलतो," प्रेमदास म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या फळीवर पडला. "आपण चौघंही आता एकाच तारेवर आहात. वस्तीत प्रत्यक्ष कोण गेलं आहे, एवढं एकमेकांना सांगा."

"तहसीलदार साहेब, आपला कोतवाल गेला ना?" ठाणेदारांनी विचारलं.

"माझा कोतवाल बाजारात आहे. तुमचे शिपाई तिथे नाहीत?"

"मला वाटलं..." ओव्हरसियर म्हणाले.

तेवढ्यात एक म्हातारा, थकलेला आवाज आला. एवढ्या मोठ्या साहेबांशी तो जन्मात कधी बोलला नव्हता. "साहेबहो, मी चौकीवरून भैयाजी. वाद मंग घालजा. पाळीले भेग पडली."

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. तहसीलदार म्हणाले, लेखी हुकूम मागाहून देतो, माणसं हलवा. ठाणेदार म्हणाले, बारा शिपाई निघाले, पण गाडी नाही. ओव्हरसियर म्हणाले, खडी वाहायचा ट्रक माझ्याकडे उभा आहे, ठाण्यावर पाठवतो. एकाकडे हुकूम होता, दुसऱ्याकडे माणसं, तिसऱ्याकडे ट्रक, आणि चौथ्याला पाणी दिसत होतं. तासभर हे सगळं याच गावात होतं.

मधुकरराव प्रेमदासच्या मागे येऊन उभे होते. कळा बंद करायला त्यांनी हात पुढे केला होता. तो हात तसाच राहिला. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वहीत वेळ लिहिली. दोन वाजून बारा मिनिटं.

दोन पन्नासला चौकीची तार एकाएकी मेली. प्रेमदासने तीनदा घंटी वाजवून पाहिली. मग ती खुंटी काढून त्याने हळूच बाजूला ठेवली.

त्यानंतर तो तीन तास जागचा हलला नाही. दवाखाना, ठाणं, वर्ध्याचा ट्रंक कॉल, पुन्हा ठाणं. प्रत्येक जोडणी देताना तो वस्तीबद्दल काही ऐकू येतं का पाहत होता, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होतं. मायचं नाव घेऊन त्याने कोणालाही विचारलं नाही.

सहाच्या सुमाराला धुरपता पोस्टाच्या दारात येऊन उभी राहिली. लुगडं कमरेपर्यंत चिखलाने भरलेलं होतं. प्रेमदास खुर्ची सारून उठला.

"सारे टेकडीवर आहेत," ती म्हणाली. "घरं गेली. तानाबाई गेली."

तानाबाई त्यांच्या शेजारची म्हातारी. प्रेमदास तिच्या अंगाखांद्यावर वाढला होता.

"ट्रकच्या शेवटच्या खेपेले होतो आम्ही. तिचा हात माह्या हातात होता. म्हशीचं दावं सोडून येतो म्हने, अन् हात सोडवून गेली. तेवढ्यात पाणी आलं." मग धुरपताने विचारलं, "तुले कवा कळलं होतं?"

प्रेमदासने घड्याळाकडे पाहिलं नाही. "एक वाजता."

"अन् लहानू आला सव्वादोनले."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती हिशेब लावीत होती. प्रेमदासला राग सोसला असता. तो खाली बसला आणि माझ्या फळीवर त्याने डोकं टेकलं. धुरपता जवळ आली, तिने त्याच्या केसांवर ओला हात ठेवला.

भैयाजी दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाभळीवर सापडला. काट्यांनी अंग फाटलं होतं, पण जीव होता.

महिनाभराने चौकशी झाली. प्रेमदासवर दोन आरोप होते. ऐकलेलं बोलणं फोडलं, आणि सरकारी तारा परवानगीवाचून एकत्र जोडल्या. त्याने दोन्ही कबूल केले. काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "एक तास उशीर केला, ते यात लिहिलं नाही." चौकशीचे साहेब मान वर करून त्याच्याकडे पाहत राहिले. मग मधुकरराव उठले, आपली वही पुढे ठेवली आणि म्हणाले, "यातली काही मिनिटं माझी आहेत. तीही लिहून घ्या."

प्रेमदासला लेखी ताकीद मिळाली आणि त्याची बदली दूर झाली. त्याच महिन्यात वरून हुकूमही आला, की असं संकट आल्यास एक्सचेंजने ही चारही ठिकाणं एकदम जोडावीत. ज्या कामाची ताकीद, त्याच कामाचा हुकूम. मित्रांनो, माणसांच्या कचेऱ्यांचं मला अजूनही पुरतं कळत नाही.

जाण्याआधी प्रेमदासने एक कागद लिहून माझ्या झाकणाच्या आत चिकटवला. कोणत्या तारा जोडायच्या, आधी कोणाला बोलू द्यायचं, ट्रक कोणाचा. पुढच्या वर्षी पन्नास तारांचा नवा बोर्ड आला आणि मला उचलून इथे ठेवलं. कागद माझ्यासोबतच आला. नव्या बोर्डासाठी त्याची नक्कल करावी, हे कोणाला सुचलं नाही. नवा ऑपरेटर चांगला मुलगा आहे, पण त्याला तो श्रावण ठाऊक नाही. तलावाची पाळ पुन्हा बांधली आहे. वस्तीही पुन्हा त्याच जागी बसली आहे, कारण दुसरी जागा कोणी दिली नाही. पावसाळा दरसाल येतोच आहे.

मला पुसून कपाटात मांडा, असं मी म्हणत नाही. माझं काम झालं. तुमच्यापैकी कोणी या खोलीत आलं, तर माझं झाकण उघडा आणि तो कागद वाळवीने खाण्याआधी उतरवून घ्या. आणि मोठेपणी तुम्ही कोणत्याही खुर्चीवर बसलात, आणि कोणी तुम्हाला "वर कळवलं आहे" असं सांगितलं, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. कोण निघालं, त्याचं नाव विचारा. तो पोचेपर्यंत टेलिफोन खाली ठेवू नका.