गुरुवारचा पिंजरा

मेस्त्रींनी लाकडी ठोकळ्यांची माळ खुंटीवरून काढली, एक ठोकळा नखानं खरवडला आणि रंग निघतो का ते बघायला नख जिभेला लावलं.

"काका, ते पक्ष्यासाठी आहे," दुकानातली बाई हसून म्हणाली.

"घरचाच पक्षी आहे, म्हणून बघतोय."

चाळीस वर्षं लोखंडाची दारं, जाळ्या आणि जिने करण्यात गेली होती, त्यामुळे कुठलीही वस्तू खरवडल्याशिवाय घेणं त्यांना जमत नसे. दुकान अरुंद होतं. दोन भिंतींना पिंजरे आणि तिसरीला खेळणी: दोरीचे झोपाळे, वेताचे गोळे, बोटभर उंचीच्या शिड्या. एवढ्याशा जिवाला एवढा सरंजाम लागतो, असं दोन महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मेस्त्रींनी त्याला वेड्यात काढलं असतं. मग भाचीनं कॉन्युअर आणायचं ठरवलं आणि वेडे झाले ते मेस्त्रीच. वीतभर हिरवा पोपट, पोटावर लालसर झाक, अंगापेक्षा आवाज मोठा. भाचीनं त्याचं नाव टिचकी ठेवलं. टिचकी घरी यायच्या आधी मेस्त्रींनी हातातली दोन कामं बाजूला सारली आणि आठवडाभर खपून कमरेएवढा उंच पिंजरा केला. दोन दारं, खाली ओढून काढायचा ट्रे, चढायला आडव्या सळ्या. पक्षी यायच्या दिवशी त्यांनी तो स्वतः दोन मजले चढवून बहिणीच्या दिवाणखान्यात मांडला होता आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोरून हलले नव्हते.

त्या पिंजऱ्याचं वर्णन आता ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात बाई म्हणाली, "चांगली निवड केलीत. कॉन्युअरला चावायला हीच माळ बरी. एक मुलगी आहे, ती दर आठवड्याला एक नेते."

"दर आठवड्याला? पक्षी आहे का सुतार?"

"तिची गंमतच आहे." बाईनं काउंटरवर कोपर टेकलं. "तिचा मामा लोखंडकाम करतो. त्यानं मोठ्या हौसेनं पिंजरा करून दिला. पण तार घेतली जस्त चढवलेली, आणि वर सांध्यासांध्यावर जस्ताचे दोन-दोन हात. गंजू नये म्हणून! आता हे पक्षी दिवसभर तार चावतात. जस्त पोटात जातं, त्याचं विष होतं. दहा दिवसांत पक्षी मान टाकायला लागला."

मेस्त्रींनी ठिणग्यांचे डाग पडलेले आपले हात हळूच काउंटरखाली घेतले.

"डॉक्टरांनी सांगितलं, पिंजरा आधी फेका. यांनी स्टीलचा नवा आणला, पक्षी सावरला. पण दर गुरुवारी मामा येतो ना, म्हणून गुरुवारी पक्षी परत त्या जुन्या पिंजऱ्यात! मामानं दोन तास बसून बघायचं, आणि पक्ष्यानं तार चावून पुन्हा आजारी पडायचं. त्यानं तारेऐवजी लाकूड चावावं म्हणून ती ही माळ टांगते. मी म्हटलं, अगं, सांगून टाक ना मामाला. तर काय म्हणाली माहितेय? म्हणे, पक्षी औषधानं बरा होतो, मामा होत नाही."

बाई मनापासून हसली. हसायला हवं होतं म्हणून मेस्त्रीही हसले, पण तो आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"अशा माणसाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"मी असते तर त्या मामालाच पिंजऱ्यात बसवलं असतं, आणि वर झाकण," बाई म्हणाली. "पिशवी देऊ?"

पिशवी घेऊन ते बाहेर पडले आणि चार पावलांवरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चूक कामातली असती तर एक वेळ सोसवली असती. तार चुकीची निघाली, तोडून दुसरी लावली, असं त्यांच्या आयुष्यात शंभरदा झालं होतं. हे तसं नव्हतं. त्यांच्याच घरच्या माणसांनी ठरवलं होतं, की पक्षी आजारी पडलेला चालेल, पण ह्याला सत्य सांगायचं नाही. आणि असं ठरवण्याइतकी ती माणसं काही मूर्ख नव्हती.

कारण सत्य सांगितलं की काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी मेस्त्रींनी बहिणीला स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी करून दिली होती. भाची तेव्हा सात वर्षांची. मेस्त्री घरी आल्याबरोबर ती नाचत आली आणि म्हणाली, "मामा, मामा, तुझी मांडणी बाबांनी गच्चीवर टाकली!" मेस्त्रींनी चहाचा कप होता तसा खाली ठेवला. "माझंच चुकलं," ते म्हणाले, "तुमच्यासाठी राबलो," आणि निघाले. त्यानंतर दोन वर्षं त्या घरी पाऊल टाकलं नाही. बहीण दारात आली तर दाराआडून "कामात आहे" म्हणून सांगितलं. मांडणी खिडकीच्या आड येत होती, एवढंच कारण होतं, हे पुढं केव्हातरी त्यांना कळलं. पण तोवर ते पोर मामा गेला तो आपल्या बोलण्यानं गेला असं धरून बसलं होतं. हेही त्यांना बहिणीनंच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

गुरुवारी त्यांच्या कारखान्याच्या भागातली वीज बंद असते, म्हणून गुरुवारी चारला ते बहिणीकडे जात. आज बहिणीच्या इमारतीखाली ते पोहोचले तेव्हा साडेतीन झाले होते. वर जायला हवं होतं, पण पाय उचलेना. आत्ता गेलो तर ती माणसं चोरासारखी पकडली जातील. चारला गेलो तर तोवर पक्षी पिंजऱ्यात गेलेला असेल. ते समोरच्या फुटपाथवर उभे राहून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडं बघत राहिले.

गॅलरीत त्यांचा पिंजरा होता. त्यात फुलझाडांच्या कुंड्या होत्या. भाची वाकून एकेक कुंडी बाहेर काढत होती, मग ओल्या फडक्यानं तळ पुसत होती. तिनं तो पिंजरा इतक्या सवयीनं कमरेवर टेकवून आत नेला, की हे तिनं किती वेळा केलं असेल ते वेगळं सांगायला नको होतं. मेस्त्री रस्ता ओलांडून जिन्याकडं धावले. पण दोन मजले चढून ते दारात पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"दादा! आज लवकर?" बहिणीनं दार उघडलं. तिच्या कपाळावर घाम होता.

दिवाणखान्यात खिडकीशी पिंजरा दिमाखात उभा होता. ट्रेच्या कोपऱ्यात थोडी ओली माती राहिली होती. आत टिचकी एका सळीला लटकून सांध्यावर चोच घासत होती. भाची बोटात लाकडी ठोकळा धरून तिला दाखवत होती, आणि टिचकी त्याच्याकडं ढुंकूनही बघत नव्हती.

"बघ ना मामा," भाची म्हणाली, "किती आवडतो तिला तुझा पिंजरा. हलायलाच तयार नाही."

दोन महिने हे वाक्य ऐकून मेस्त्रींची छाती फुगत आली होती. आज त्यांना वर बघवेना.

"बाहेर काढ तिला."

"असू दे ना. खेळतेय."

"काढ म्हणतो ना!"

आवाज नेहमीसारखाच करडा निघाला. भाची दचकली. तिनं टिचकीला खांद्यावर घेतलं आणि ती भिंतीला लागून उभी राहिली. मेस्त्रींनी पिंजऱ्याला हात घातला.

"हा मी नेतोय. एका गिऱ्हाईकाला नमुना दाखवायचाय."

बहीण पदराला हात पुसत पुढं आली. "नमुना? आणि हिनं राहायचं कुठं मग?" असं ती म्हणाली, आणि तिच्या मागं बाथरूमचं दार घट्ट लावलेलं होतं.

"बघू काहीतरी."

"नको रे दादा. तू एवढ्या हौसेनं केलास. गिऱ्हाईकालाच इथं घेऊन ये, मी चहा करते त्याच्यासाठी." तिनं पिंजऱ्याची एक बाजू धरली. भाचीनं पुढं होऊन दुसरी धरली. तिघं पिंजरा ओढत उभे राहिले. ज्यांना तो घरात नको होता त्याच दोघी तो सोडायला तयार नव्हत्या.

"मामा, काय झालं? कुणी काही बोललं का तुला?"

"कुणी काही बोललं नाही." मेस्त्री पिंजऱ्याकडं बघत म्हणाले, "माझं चुकलं."

पिंजऱ्यावरचे दोघींचे हात गळून पडले. बहिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "असं नको ना बोलूस," ती म्हणाली. "तुझं काय चुकलं? आमचंच काहीतरी चुकलं असेल. बस ना, दादा. चहा तरी घे. उठून जाऊ नकोस."

खरं बोलायला मेस्त्रींपाशी हे दोनच शब्द होते, आणि तेही त्यांनी रुसण्यात वापरून संपवले होते. त्यांना लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत वाटली. पिंजरा बाजूला सारून ते भिंतीशी जमिनीवरच बसले. खुर्चीवर बसायचा धीर झाला नाही.

"बाथरूममधला पिंजरा बाहेर आण," ते भाचीला म्हणाले.

ती पांढरीफटक पडली. आईकडं बघून ती गेली आणि स्टीलचा छोटा पिंजरा घेऊन आली. टिचकी तिच्या खांद्यावरून आपणहून आत उतरली आणि वाटीतले दाणे टिपू लागली.

"डॉक्टरांचा कागद आहे ना? दाखव."

कागद फ्रिजवरच्या पुस्तकात दडवलेला होता. त्यावर तीन भेटींच्या तारखा होत्या, तिन्ही शुक्रवारच्या. अक्षर बारीक होतं. मेस्त्रींनी तो भाचीकडं परत दिला.

"वाच."

भाची त्यांच्यासमोर बसली आणि भरभर वाचू लागली. वजन घटलेलं. उलट्या. थेंब दिवसातून दोनदा, कोमट पाण्यातून. मऊ खाणं. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवणे. "एवढंच आहे," ती म्हणाली आणि कागदाची घडी घालू लागली.

मेस्त्रींनी तिच्या हातातून घडी उलगडून घेतली. कागदाच्या तळाशी लाल शाईत चार ओळी होत्या. त्यांनी तिथं बोट ठेवलं.

"हे राहिलं."

"मामा, तू रागावणार नाहीस ना?"

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या बाबतीत त्यांच्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवावा?

"वाच," ते म्हणाले, शक्य तितक्या हळू.

"पिंजऱ्याच्या तारेतून जस्ताची विषबाधा." तिचा आवाज खाली गेला. "पिंजरा ताबडतोब बदलावा. तीन वेळा बजावूनही... मालकानं ऐकलेलं नाही. पक्षी दगावल्यास त्याला... मालकाचा निष्काळजीपणा कारणीभूत राहील. हे मला समजलं आहे."

पुढं काही नव्हतं. खाली शाळकरी वळणाची, पूर्ण नाव लिहिलेली भाचीची सही होती.

स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला, पण बहीण जागची हलली नाही. मेस्त्रींनी कागद गुडघ्यावर घेऊन तळहातानं सपाट केला. सहीशेजारी थोडी जागा होती.

"पेन दे," ते म्हणाले.