नव्या पडद्यातल्या जुन्या पेट्या

काकांनी स्वतः फोन केला, म्हणजे पाणी गळ्याशी आलं असणार, हे मधलीने पहिल्याच वाक्यात ओळखलं. नव्या बंदिस्त क्रीडागृहात त्यांच्या कंपनीने भलामोठा एलईडी पडदा टांगला होता. उद्या संध्याकाळी उद्घाटन, आणि पडद्यावर एकही चेहरा धड दिसत नव्हता. काकांच्या माणसांनी केबली बदलल्या, कार्डं बदलली, चित्र पाठवणारं यंत्रसुद्धा दुसरं आणून लावलं आणि शेवटी हात टेकले.

"तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही, पोरी," काका म्हणाले.

असले पडदे दुरुस्त करण्यात मधलीचं नाव होतं, हे खरंच. पण इतकी वर्षं काकांनी ते नाव चुकूनही तोंडातून काढलं नव्हतं. ती येते म्हणाली. थोरल्या बहिणीला सांगितलं, तेव्हा थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल बाजूला टाकून ती म्हणाली, "जा. आणि पाहुण्यांच्या देखत त्याचं नाक कापून ये." आई आतल्या खोलीत होती. तिला दोघींनी काही कळू दिलं नाही.

काका काही सख्खे नव्हेत, बाबांचे जिवाभावाचे मित्र. काका कंत्राटं आणायचे आणि बाबा लोखंडी सांगाडे उभारून त्यावर दिवे नि पडदे टांगायचे. तिघी बहिणी काकांच्या खांद्यावर बसून वाढल्या. मग एका समारंभात टांगलेला पडदा एका अंगाने निसटला आणि खालचे दोन कामगार जायबंदी झाले. पडदा धरणाऱ्या पकडी झिजलेल्या होत्या. बाबांनी त्या आधीच काढून बाजूला ठेवल्या होत्या; काकांनी "एवढा कार्यक्रम निघून जाऊ दे" म्हणत परत लावायला लावल्या. मधली तेव्हा बाबांच्या हाताखाली शिकत होती, सगळं बोलणं तिच्यासमोर झालं होतं. पण चौकशी लागल्यावर काकांनी सरळ सांगून टाकलं, की बाबा त्या दिवशी पिऊन आले होते. मधलीने खरं काय ते सांगितलं, पण मुलगी बापाचीच बाजू घेणार, असं म्हणून कोणी ते कानावरही घेतलं नाही.

बाबांनी जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. तरी बोल लागला तो लागलाच. कामं तुटली, ओळखीचे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागले. पण मधलीच्या काळजात रुतून बसलं ते घरातलं. बाबा बाहेरून आले, की आई काहीतरी निमित्त काढून त्यांच्याजवळ जायची, शर्टाची कॉलर सारखी करायची आणि हळूच वास घ्यायची. बाबांच्या ते लक्षात आलं. पुढेपुढे चपला काढल्या की ते आपणहून आईसमोर उभे राहायचे, श्वास सोडायचे आणि मग हातपाय धुवायला जायचे. त्यांनी डोळे मिटेपर्यंत हे चाललं.

क्रीडागृहात शिरल्यावर मधली आधी प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये जाऊन बसली आणि नुसती पाहत राहिली. पडद्यावर एका खेळाडूचा चेहरा चालू होता. कपाळ ठीक, पण खाली एकाखाली एक दोन नाकं, आणि हनुवटी पट्ट्यापट्ट्यांनी कानाशी गेलेली. असा पडदा म्हणजे चौकोनी पेट्यांची भिंत असते; चित्र एका पेटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं केबलीतून पुढे जातं. केबल खराब असती, तर बिघडलेल्या पेटीपासून पुढच्या साऱ्या पेट्या बिघडल्या असत्या. इथे तसं नव्हतं. एक पेटी बिघडलेली, तिच्या पुढच्या चार स्वच्छ, मग पुन्हा एक बिघडलेली. अंगावर पुरळ उठावं तसं जागोजाग.

"केबलीत दोष नाही," ती म्हणाली. "मला मागे जायचंय."

काकांनी जरा आढेवेढे घेतले. मागे जागा अरुंद आहे, धूळ आहे, इथूनच सेटिंग बदलून बघ ना, म्हणाले. त्या आढेवेढ्यांनीच तिचे कान टवकारले.

मागच्या शिडीवर चढून तिने एक स्वच्छ पेटी उघडली आणि एक बिघडलेली. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. आतल्या दिव्यांच्या पट्ट्या मात्र वेगळ्या घडणीच्या. दिव्यांच्या ओळी कोणत्या क्रमाने पेटवायच्या, ते पेटीतल्या कार्डाला सांगावं लागतं. इथे दोन्ही जातींच्या पेट्यांना स्वच्छ पेट्यांचाच क्रम सांगितला होता, म्हणून बाकीच्यांनी चेहऱ्याची चिरफाड केली होती. तिने बिघडलेल्या पेटीवरच्या नव्या चकचकीत स्टिकरची कड नखाने उचलली. खाली आधीच्या स्टिकरचा वाळका गोंद. पंख्याच्या पात्यांवर कोण जाणे कुठल्या मैदानाची माती; म्हणजे या पेट्या जुन्या, वापरलेल्या होत्या. आणि एका पेटीला दुसरीशी जखडणारी कोपऱ्यातली कुलपं इतकी घासलेली, की बोटाने हलत होती.

खाली उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या तिने उडी मारून ओलांडल्या. आनंदाने.

काका पडद्यामागच्या बोळात उभे होते. सोबत मुकादम आणि त्यांची माणसं. मुकादमांनी बाबांबरोबर उमेदीची वर्षं काढली होती. काकांनी मधलीला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण ती जागची हलली नाही. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, की तुला दिसलंय ते दिसलंय. त्या पेट्यांना त्यांचा वेगळा क्रम घालून दे, चित्र नीट होईल, उद्याचा दिवस निघून जाईल.

"देते घालून," मधली म्हणाली. "आधी त्या दिवशीचं खरं बोला. इथे, यांच्यासमोर."

काकांनी कोणत्या दिवशीचं म्हणून विचारलं नाही. इकडेतिकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मधलीने खिशातून फोन काढला, घरचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून आईचा आवाज आला. मधली म्हणाली, "आई, काका बोलतायत. ऐक फक्त."

 मग काकांनी घसा खाकरला.

"वहिनी, त्या दिवशी त्याने घेतलेली नव्हती. मी खोटं बोललो."

मुकादमांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं.  पलीकडून आईने फोन बंद केल्याचा आवाज आला.

मधली कामाला बसली. प्रत्येक जुनी पेटी हुडकून तिला तिचा क्रम घालत गेली, तशी चेहऱ्याची एकेक पट्टी जागेवर सरकत गेली. दुपार कलली तेव्हा खेळाडूला एकच नाक होतं आणि तो सगळ्या खुर्च्यांकडे पाहून हसत होता. काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. शेवटी माझ्याच हाताखालची आहे, असं ते कोणाला तरी म्हणालेसुद्धा.

तिने हत्यारांची पिशवी भरली, खांद्याला लावली आणि सरळ क्रीडागृहाच्या व्यवस्थापकबाईंच्या खोलीत गेली. पडदा आता छान दिसतोय, पण तुम्हाला नवा म्हणून विकलेला बराचसा माल वापरलेला आहे, आणि तो तुमच्या प्रेक्षकांच्या डोक्यावर झिजलेल्या कुलपांनी लटकतोय, असं तिने शांतपणे सांगितलं. बाईंना विश्वास बसेना. मधली त्यांना मागे घेऊन गेली, शिडीवर चढवलं आणि कुलूप त्यांच्या बोटाने हलवायला लावलं. काका धावत आले तेव्हा बाईंच्या हातात सोललेला स्टिकर होता.

"तू शब्द दिला होतास," काका खालून म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"चित्र नीट करायचा दिला होता, काका. गप्प बसायचा नव्हता."

उद्घाटन पडद्याविना झालं. पडदा उतरवला, कंत्राट गेलं. बातमी फुटल्यावर बाकीच्या गिऱ्हाइकांनीही आपापले पडदे मागून उघडून पाहिले आणि काकांची कंपनी बघताबघता बसली. थोरलीने हे सगळं मधलीकडून पुन्हापुन्हा वदवून घेतलं. कुलपं मजबूत असती तर सांगायला गेली असतीस का, असं तिने एकदा विचारलं. गेले असतेच, असं मधली म्हणाली.

मुकादम मात्र घरी येऊन तिला बोलले. तुझ्या बापाला न्याय मिळाला, आनंद आहे, पण त्याच्या पायी माझी सगळी माणसं घरी बसली, असं म्हणाले आणि पाणीही न पिता गेले. मधलीने ओळखीपाळखीने त्यातल्या काहींना कामं लावून दिली. सगळ्यांना नाही जमलं.

आई त्या फोननंतर कितीतरी दिवस तिच्याशी मोकळेपणाने बोलली नाही. शेवटी एकदा केस विंचरताना, आरशाकडे पाहतच म्हणाली, "मला एकटीला सांगायला लावलं असतंस तर चाललं असतं. चारचौघांत मलाही उभं केलंस."

 काका बोलत होते तेव्हा, पलीकडे आईचा चेहरा कसा झाला असेल ते पाहायला मिळायला हवं होतं, असं मधलीच्या मनात आलं होतं. हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

पुढे एकदा ती सुटे भाग घ्यायला बाजारात गेली असताना काका दिसले. एका दुकानाच्या काउंटरशी वाकून ते वापरलेल्या पंख्यांच्या ढिगात हात घालून त्यातल्या त्यात बरे निवडत होते. केस रंगवायचे सोडले होते. दुकानदार त्यांच्याकडे न बघता दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत होता. काकांनी मान वर केली, तिला पाहिलं आणि पुन्हा ढिगात डोकं घातलं.

मधली तिथेच उभी राहिली. तिला वाटलं होतं, असं काही पाहिलं तर वाईट वाटेल, निदान थोडी लाज वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांचं निवडून होईपर्यंत तिने निवांत पाहून घेतलं, मग आपलं सामान घेतलं आणि रमतगमत घरी आली.