चार बोटं सैल

पुणतांब्याच्या घाटावर वाढलेल्या अश्विनी घोलपला लहानपणी नदीकडे बघता बघता शाळेची वेळ कळायची नाही. आता ती बत्तीस वर्षांची होती, नगरला सावेडीत राहायची आणि सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पिशव्या आखायची. पिशव्या म्हणजे बाजाराच्या नव्हेत. लोखंडी जाळीचा, छातीएवढा उंच चौकोनी डबा असतो. त्याच्या आत बसणारी, हजार लिटर मावणारी, खाली तोटी असलेली प्लास्टिकची पिशवी. डाळिंबाचा रस, काकवी, तेल, जे जे पातळ ते या पिशव्यांतून ट्रकने लांब लांब जायचं.

फेब्रुवारीत रसवाल्या गिऱ्हाइकाची तक्रार आली. पिशव्या वाटेत पाझरत होत्या. फुटत नव्हत्या, नुसत्या पाझरत होत्या, चाळिसात एखादी. परत आलेली एक पिशवी अश्विनीने खिडकीसमोर धरली. तोटीजवळच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं भोक होतं आणि त्यातून उन्हाचा एक ठिपका तिच्या तळहातावर पडला होता. कितीतरी वेळ ती त्या ठिपक्याकडेच बघत राहिली.

"जाड करा," वैजनाथ सर म्हणाले. कारखान्याचं सगळं उत्पादन ते सांभाळायचे. "दीडपट जाड. मग बघू कशी गळते."

तिने जाड केली. आता विसात एक पाझरू लागली.

सरांना ते पटेना. अश्विनीलाही कळेना. मग तिने ट्रकसारखं हलणारं टेबल लावलं, त्यावर भरलेला डबा ठेवला आणि समोर स्टूल टाकून बसली. दुपारी जेवणानंतर शेडमध्ये यंत्रांची एकसुरी घरघर चालायची. पाणी डाव्या बाजूने चढायचं, थबकायचं आणि उजव्या कोपऱ्यात उतरायचं. पुन्हा चढायचं. तिचे डोळे जड व्हायचे. आपणच त्या पिशवीत आहोत, निळसर उजेडात तरंगतो आहोत आणि प्रत्येक लाट आपल्याला त्याच कोपऱ्यात नेऊन टेकवते आहे, असं तिला वाटायचं. त्या कोपऱ्यात प्लास्टिकला एक घडी पडायची. लाट आली की घडी मिटायची, गेली की उघडायची. हजारदा, दहा हजारदा.

"तिथंच मोडणार ते," मागून कोणीतरी म्हणालं.

काकासाहेब औटी होते, सांधे जोडायच्या यंत्रावरचे. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. इथे लागण्याआधी बारा वर्षं त्यांनी पारनेर तालुक्यात शेततळ्यांना कागद अंथरायचं काम केलं होतं. कागद म्हणजे जाड प्लास्टिकच, पण तिकडे सगळे त्याला कागदच म्हणतात.

"जाड केलं तर जास्तच का मोडतं, काकासाहेब?"

"पातळ कापड घडी घालून बघा, मॅडम, अन् पुठ्ठा घालून बघा." ते हात पुसत म्हणाले, "आयतवारी आमच्याकडं या. भावाच्या तळ्याला नवा कागद पडनार हाय. सांगन्यापरीस बघितलेलं बरं."

रविवारी ती स्कूटर काढून पारनेरच्या बाजूला गेली. माळावर खोदलेलं मोठं तळं कोरडं होतं आणि त्यात काळा कागद उलगडत होता. सातआठ माणसं कडा धरून उतारावरून खाली येत होती. वारा आत शिरला की सगळा कागद पोटासारखा फुगायचा, माणसं हात वर करून उभी राहायची आणि तो पुन्हा हलके हलके खाली बसायचा. अश्विनी चपला काढून आत उतरली. पायाखाली कागद गरम आणि मऊ होता. कोपऱ्यात तिला तो चुणीदार, सैल दिसला.

"हा ताणून घ्यायचा राहिला का?" तिने विचारलं.

"न्हाई, मुद्दाम सोडलाय," काकासाहेब म्हणाले. "पानी भरलं की वजन येतं. कागद ताठ असला तर सगळा ताण कोपऱ्यावर जातो. म्हून चार बोटं सैल सोडायचा. पानी त्याला आपलं आपन बसवून घेतं."

ती त्या चुण्यांवर बसली. वर फक्त आभाळ होतं आणि कडेने माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे येत होते. डब्याच्या मापाची नेमकी पिशवी आखायचा आपला हट्ट तिला आठवला. एक मिलिमीटरही जास्त नको, असं तीच सगळ्यांना सांगायची.

सोमवारपासून तिने नवी पिशवी आखायला घेतली. कोपरे डब्यापेक्षा चार बोटं मोठे आणि गोल. एका जाड थराऐवजी दोन पातळ, एकमेकांना न चिकटवलेले, म्हणजे एक हलला तरी दुसऱ्याने त्याच्याबरोबर मोडायला नको. तोटीभोवती एक मऊ, सैल पट्टी. काकासाहेबांनी सांधे स्वतः जोडले.

"ही तर ढगळ दिसते," वैजनाथ सर म्हणाले.

"भरल्यावर बघा, सर."

टेबलावर ती पिशवी सहा दिवस हलली आणि कोरडी राहिली. पण अश्विनीचं समाधान होईना. टेबल म्हणजे काही रस्ता नव्हे. तिने नव्या पिशव्यांचे दोन डबे साध्या पाण्याने भरून टेम्पोत चढवायला लावले, खाली खाकी कागद अंथरला, म्हणजे थेंब पडला तर डाग दिसेल, आणि काकासाहेबांसोबत स्वतः मागे चढली. सरांनी आपली टोपी तिच्या हातात ठेवली. ऊन फार होतं.

मुद्दाम वाईट रस्ते घेतले. सुप्याहून पारनेर, तिथून टाकळी ढोकेश्वरकडे, मधले फुटके फाटे. अश्विनीने जाळीतून हात घालून तळवा पिशवीवर ठेवला होता. टेम्पो खड्ड्यात गेला की आतलं पाणी झोपेत कूस बदलावी तसं वळायचं आणि सैल कोपरा त्याला सामावून घ्यायचा. तो धक्का तिच्या हाताला लागेपर्यंत अगदी नरम झालेला असायचा. दोन्ही बाजूंनी पिवळे माळ मागे जात होते. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. काकासाहेब डब्याला टेकून डोळे मिटून बसले होते.

दुपार कलताना एका माळावर टेम्पो थांबवला. दोघांनी वाकून खाली पाहिलं. पहिल्या डब्याखालचा कागद कोरडा होता. दुसऱ्याखाली रुपयाएवढा डाग होता.

काकासाहेबांनी बोट फिरवून बघितलं, तोटीचं झाकण अर्धा आटा पिळलं आणि खाली कोरडा कागद सारून वाट बघितली. पुन्हा काही आलं नाही.

"पिशवी चांगली हाय," ते म्हणाले. "झाकनच ढिलं हुतं. माजीच चूक."

"म्हणजे सैल कुठे सोडायचं आणि घट्ट कुठे, तेवढंच शिकायचं राहिलं," ती म्हणाली आणि हसली. झाकणाला रबरी कडं लावायचं असं तिने वहीत लिहून ठेवलं. महिन्याभराने रसाच्या पहिल्या साठ पिशव्या गेल्या आणि साठही कोरड्या पोचल्या. पण ते नंतरचं.

त्या दुपारी समोरून मेंढ्यांचा कळप येत होता. मेंढपाळ बाईने टेम्पोकडे बघून विचारलं, "पानी हाय का वो त्यात?"

"हाय की," काकासाहेब म्हणाले. "दोन हजार लिटर."

जवळच जनावरांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद कोरडा पडला होता. टेम्पो त्याच्या कडेला लावून अश्विनीने तोटी उघडली. पाणी हौदात पडू लागलं तशा मेंढ्या एकमेकींवर रेलत आल्या आणि माळभर फक्त त्यांच्या पिण्याचा आवाज राहिला. डब्यातली पिशवी हळूहळू रिकामी होत, मऊ घड्या घालत खाली बसत होती.