समोरची काच

“ताई, तो पडदा ओढून घ्या. गेस्ट आत आला की पहिली नजर खिडकीकडे जाते, आणि समोर काय, तर लोकांची धुणी!”

सुपरवायझरबाई हॉटेलच्या खोलीच्या दारातूनच बोलल्या आणि पुढच्या खोलीकडे वळल्या. तिने मान हलवली, पण पडदा लगेच ओढला नाही. त्या धुण्यात तिचंही धुणं होतं. आणि दोरीखालच्या खिडकीत, खुर्ची अगदी गजांना टेकवून, तिचा नवरा बसला होता.

तो बसचा ड्रायव्हर. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू लुळी पडली तेव्हा घरासमोर हॉटेल नव्हतं, बसडेपो होता. ज्या डेपोत त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली, तोच आता त्याला खिडकीतून दिसायचा. तिथे बसूनच तो डेपो चालवायचा. “अगं ए, बघ, ह्या शहाण्याने परत गाडी तिरकी लावली. आता मागच्याने काय डोक्यावरून काढायची?” जुना एखादा सोबती गाडी बाहेर काढताना मुद्दाम हॉर्न वाजवायचा, की याचा दिवस चांगला जायचा.

मग शेजारच्या कन्व्हेन्शन सेंटरला जागा कमी पडायला लागली. डेपो शहराबाहेर गेला. त्या जागेवर नवा हॉल पसरला, आणि हॉलला येणाऱ्यांनी राहायचं कुठे म्हणून त्याला लागून हॉटेल उभं राहिलं. त्याच्या पलीकडे दुसऱ्याचा पाया खणला गेला. बिल्डिंगमधली माणसं मिळून सेंटरच्या साहेबांना भेटून आली. साहेब भला माणूस. सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं, पुढे हा भाग कसा दिसेल त्याचं मोठं चित्र दाखवलं. चित्रात झाडं होती, कारंजं होतं. त्यांची बिल्डिंग मात्र कुठे दिसली नाही, आणि ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आसपासच्या लोकांना कामं देऊ, असं सांगितलं होतं. ते मात्र खरं ठरलं. तिला खोल्या आवरायचं काम मिळालं.

“एवढी माणसं लांबून येतात ती नुसती बोलायला?” नवरा विचारायचा. “आमच्या गाडीत तर तिकिटात बोलणं फुकट होतं.”

तो हसायचा तेव्हा तोंडाची एकच बाजू वर जायची. तिला तेवढं हसू पुरायचं.

चौथ्या मजल्यावरची ही खोली तिच्या वाट्याला आली, त्या दिवशी तिने घरी जाऊन सांगितलं, “अहो, मी तुमच्या अगदी समोर असते हो.” तो “हो का?” म्हणाला, एवढंच. हॉटेलची काच बाहेरून आरशासारखी. आतलं माणूस दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी रोज सकाळी ती चादर बदलायला आली की तो डावा हात भुवयांवर आडवा धरून इकडेच टक लावून बघत असायचा. ‘शोधतोय मला,’ असं मनाशी म्हणत ती हातातलं फडकं हलवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आपली अशी वाट कुणी बघेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात!

त्या दिवशी हॉलमध्ये कसलंतरी मोठं अधिवेशन होतं. खोल्या भराभर आवरायच्या होत्या. तिने उशीचा अभ्रा चढवला, सवयीने खिडकीकडे बघितलं, आणि तिचा हात थांबला. नवरा उठत होता.

आधाराशिवाय तो कधी उठत नसे. डाव्या हाताने गज धरून तो उभा राहिला, मग गज सोडून हात बाजूला लांब केला, कशासाठी तरी. शरीर उजवीकडे झुकलं. खुर्ची कलंडली, आणि खिडकी रिकामी झाली.

“अहो!” ती ओरडली. दोन्ही तळहातांनी तिने काच बडवली. ती काच उघडणारी नव्हतीच. गार हवेच्या खोलीत तिचाच आवाज तिला परत ऐकू आला.

मोबाइल खाली लॉकरमध्ये होता. ड्युटीवर जवळ ठेवायची परवानगी नव्हती. तिने खोलीतला फोन उचलला.

“गुड मॉर्निंग सर, मी आपली काय मदत करू?”

“अहो, मी हाउसकीपिंगमधली. माझे मिस्टर पडलेत हो. समोर, घरात. कुणाला तरी पाठवा.”

“कुठल्या रूममध्ये पडलेत?”

“रूममध्ये नाही हो, घरात! समोरच्या बिल्डिंगमध्ये!”

“एक मिनिट होल्ड करा हं.” आणि कानात संगीत वाजायला लागलं.

तिने फोन तसाच टाकला आणि जिन्याने खाली पळाली. मागच्या दारावर गार्ड उभा होता. कुणी बडी मंडळी येणार म्हणून दार बंद केलेलं. तो ओळखीचा होता, रोज तिला ‘जेवलात का’ विचारणारा.

“ताई, माझ्या हातात असतं तर सोडलं असतं हो. कुलूप वरच्यांनी लावलंय, किल्ली त्यांच्याकडे. पुढून जा.”

पुढून म्हणजे सगळ्या हॉलला वळसा. पूर्वी डेपोच्या फाटकातून शिरलं की बसच्या मधून वाट काढत माणूस पलीकडे घरी. आता तिथे सरळसोट भिंत होती, आणि भिंतीवर हसणाऱ्या माणसांची मोठमोठी चित्रं. ती भिंतीकडेने धावत राहिली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले पाहुणे समोरून घोळक्याने येत होते. “सोडा, जरा सोडा,” ती म्हणत होती आणि ते सौजन्याने बाजूला होत होते.

घरी पोचली तेव्हा तो जमिनीवर होता. शुद्धीवर होता. एक पाय विचित्र वळला होता.

“सुटली ड्युटी?” त्याने विचारलं.

“कशाला उठलात? कशाला उठलात हो तुम्ही?”

“पडदा ओढायचा होता. त्या काचेवरनं ऊन येतं ना, थेट डोळ्यांत घुसतं. रोजचंच आहे. हात धरून बसतो डोळ्यांवर, पण आज हात भरून आला.”

तिने वळून खिडकीकडे पाहिलं.

“मग बोलला का नाहीत कधी?”

“आता तुझंच हॉटेल,” तो म्हणाला. “तक्रार कुणाकडे करायची?”

तोंडाची एक बाजू वर गेली आणि कळ येऊन परत खाली आली.

आवाज ऐकून शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनी अॅम्ब्युलन्स बोलावली. गाडी आली, पण कोपऱ्यापर्यंतच. रस्ता अधिवेशनासाठी अडवलेला. चार शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीत बसवून उचलून नेलं. वाटेत गाड्यांचा ताफा जायचा होता म्हणून पोलिसाने हात करून त्यांना थांबवलं. सगळे थांबले. तिने त्याच्या कपाळाशी हात धरला, कारण तिथेही ऊन होतं. पोलीस दुसरीकडे बघत राहिला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. जोडलं, पण तो पुन्हा बसता झाला नाही. लेक परगावाहून येऊन राहून गेली. “बाबा, आमच्याकडे चला,” म्हणाली. तो म्हणाला, “बघू,” आणि तो जाणार नाही हे सगळ्यांना कळलं. त्याच्यासाठी पलंग आतल्या खोलीत टाकावा लागला. बाहेरच्या खोलीत तो मावत नव्हता.

तिने सुपरवायझरबाईंकडे दुसऱ्या बाजूच्या खोल्या मागितल्या.

“अहो, तिकडे काम जास्त पडतं,” बाई म्हणाल्या.

“चालेल.”

संध्याकाळी घरी आली की ती आधी त्याची कूस बदलायची. दुखरी बाजू वर ठेवायची म्हणजे तोंड भिंतीकडे करावं लागे. पाठीशी उशी लावायची, पाय सरळ करायचा, पांघरूण नीट करायचं. एकदा ती उशी लावत असताना त्याने भिंतीकडे बघतच विचारलं, “बाहेर उजेड आहे का गं अजून?”

तिने मान वळवून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. दिवस केव्हाच मावळला होता. हॉटेलच्या सगळ्या मजल्यांवर दिवे लागले होते आणि रिकाम्या खिडकीतून तो पांढरा प्रकाश फरशीवर पसरला होता.

“आहे,” ती म्हणाली.

“मग राहू दे,” तो म्हणाला. “दिवा नंतर लाव.”

ती त्याच्या पाठीशी पलंगाच्या कडेवर बसून राहिली.