दोन पायल्या ज्वारी

वच्छलाबाईंनी रिकामी बाटली काउंटरवर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

"भरून द्या पुंजाजीभाऊ. लय गुण आला गोळीले."

त्यांच्या मागे त्यांची अठरा वर्षांची लेक कोकिळा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

जळगाव जामोदच्या या दवाखान्यात पुंजाजी बावीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत असेल तेच बाटलीत जायचं, थेंब कमी नाही की जास्त नाही. याचा त्यांना भारी अभिमान होता आणि कुणी विचारलं नाही तरी ते तो सांगत. कोकिळेची चिठ्ठीही त्यांना पाठ होती. पोरगी चोरून गूळ, शेंगदाणे, शिळ्या भाकरी खायची आणि गोठ्यामागे जाऊन घशात बोटं घालायची. घरात आधी पुरुष जेवत, मग बायका, सगळ्यांत शेवटी ती. त्यामुळे तिच्या ताटाकडे कधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. अंगाने जाड म्हणून दोन स्थळांनी नाही म्हटलं, तेव्हा डॉक्टरांनी भूक मारणारी ही गोळी लिहून दिली.

"आता काही मांगतच नाई," वच्छलाबाई सांगत होत्या. "अन् काम म्हणसान तं पहाटे उठून दोन पायल्या ज्वारी जात्यावर एकटी दळते! गावात गिरणी हाये, पण आमच्या घरचं दळण तिकडं जात नाई. साऱ्या आळीत नाव झालं पोरीचं."

"झोपते कवा?"

"झोपच कमी झाली. कामाची पोरगी."

पुंजाजींनी बाटली हातात घेतली. कापसाच्या हंगामात ट्रकचे ड्रायव्हर जागं राहायला याच गोळ्या खायचे. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एकाला छाती धरलेल्या अवस्थेत इथे आणलं होतं. तो आपल्या पायांनी परत गेला नाही.

"तीस गोळ्या व्हत्या, बाई. पंधरा दिवसांत सरल्या?"

"रोज दोन देल्या. सोमवारी पाहुणे येऊन राह्यले ना!"

पुंजाजींनी कोकिळेला स्टुलावर बसवलं आणि तिचा हात हातात घेतला. तळव्यावर फोड आले होते, काही फुटलेले. घड्याळाकडे बघत त्यांनी नाडी मोजली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली. एकशे अडतीस.

"अजून ओकतं का, पोरी?"

कोकिळेने आईकडे पाहिलं.

"हाव," ती म्हणाली.

पुंजाजी उठले. "गोळ्या भेटणार नाईत."

"काऊन? चिठ्ठी तुमच्याच डॉक्टरची हाये. तुम्ही कोण नाई म्हणणारे?"

प्रश्न बिनतोड होता. डॉक्टर बुलढाण्याला मिटिंगला गेलेले, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. पुंजाजींनी चिठ्ठी पुढ्यात ओढली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांच्या अक्षराखाली आपलं अक्षर काढलं: 'नाडी १३८. ओकारी चालू. रोज दोन घेतल्या. गोळी दिली नाही. पुंजाजी.'

"पोटात काही राहू देत नाई, अन् वरून काळीज पळवून राह्यलो आपण तिचं," ते म्हणाले. "घरी नेऊन ताकभाकर द्या. जवळ बसून द्या."

"यायच्या कानावर घालीन मी हे," असं म्हणून वच्छलाबाई पोरीला घेऊन तरातरा निघून गेल्या. 'यायच्या' म्हणजे नवऱ्याच्या, उत्तमरावांच्या, आणि त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. पुंजाजींनी औषधांच्या कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. नोकरी जाणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"त्या दिवशी मी नाडी पाहिलीच नव्हती, पुंजाजी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी किल्ली परत सरकवली आणि बॅग उचलली. "उत्तमरावांचं घर कोणत्या आळीत?"

महिनाभराने वच्छलाबाई एकट्याच आल्या. पुंजाजी सावरून उभे राहिले. बाईंचा आवाज तोच होता, तोराही तोच.

"काल दीड भाकर खाल्ली माह्या कोकिळेनं! बापाच्या शेजारी बसून. ते म्हणे, पोरगी बसल्याबिगर माह्यं ताट वाढू नका. अन् जेवल्यावर गोठ्यामांगं जाईन कशी? दारात मी बसेल व्हती. परवा ओकली. काल नाई."

"अन् पाहुणे?"

"येतीन तवा येतीन."

"झोपते?"

"हलवून उठवा लागते सकाळी!" आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्या म्हणाल्या.

पुंजाजींना हसू आलं. "मंग दळण आता गिरणीत?"

"आमच्या घरचं?"

वच्छलाबाईंनी पदराखालून दोन्ही हात काढले आणि तळवे वर करून काउंटरवर ठेवले. फोड ताजे होते.

"दोन पायल्या," त्या म्हणाल्या.